जखम आहे, पण दावा होतो का?

साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातल्या रस्त्यांवर रात्री एक धोका हमखास भेटतो : उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली, टायर फुटला म्हणून डांबरावरच उभी करून ठेवलेली ट्रॉली. तिला मागून धडकलेला दुचाकीस्वार दवाखान्यात शुद्धीवर येईपर्यंत नातेवाइकांत दोन तट पडलेले असतात. एकाचे म्हणणे असते, ‘मागून जाऊन धडकला हाच, आता केस कसली घालायची?’ दुसऱ्याचे म्हणणे असते, ‘पाय मोडलाय, इन्शुरन्सवाल्यांना द्यावेच लागणार.’ या दोघांपैकी कोणाचेही म्हणणे कायद्याला धरून नाही. मागून धडकणे म्हणजे आपोआप आपली चूक असे कायदा मानत नाही, आणि पाय मोडणे म्हणजे आपोआप भरपाई असेही मानत नाही.

शारीरिक इजेच्या भरपाईचा दावा उभा राहतो की नाही, हे पाहताना तीन गोष्टी क्रमाने तपासाव्या लागतात. पहिली, इजा दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीमुळे किंवा हलगर्जीपणामुळे झाली आहे का. किंवा चूक सिद्ध न करताही भरपाई देणारे एखादे कलम आपल्याला लागू होते का. दुसरी, त्या चुकीचा आणि या इजेचा थेट संबंध कागदावर दाखवता येतो का. तिसरी, आणि आपल्याकडे सर्वांत कमी विचारली जाणारी, म्हणजे पैसे देण्याची कायदेशीर जबाबदारी ज्याच्यावर टाकता येईल असा कोणी समोर आहे का. इजा किती गंभीर आहे यावर प्रामुख्याने रक्कम ठरते. हक्क आहे की नाही, हे या तीन प्रश्नांवर ठरते.

चूक कोणाची, आणि किती

रस्ते अपघातात बहुतेक दावे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातात. या कलमाखाली समोरच्या वाहनचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पण तो फौजदारी खटल्याप्रमाणे ‘संशयाला जागा न ठेवता’ सिद्ध करावा लागत नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा तोलून कोणती हकीकत अधिक संभवनीय वाटते, एवढेच न्यायाधिकरण पाहते. त्यामुळे फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा जिवंत राहू शकतो, आणि ‘साक्षीदार नव्हता’ एवढ्यावरून आशा सोडण्याचे कारण नसते.

ट्रॉलीचेच उदाहरण पुढे नेऊ. वाहन रस्त्यावर धोकादायक रीतीने उभे करून ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. रात्री उभ्या वाहनाला दिवे, परावर्तक पट्ट्या किंवा निदान इशारा देणारी काही खूण नसेल, तर तो निष्काळजीपणाच होय. म्हणून अशा प्रकरणात दुचाकीस्वाराचा दावा नक्कीच होऊ शकतो. मात्र समोरच्या बाजूचे वकील विचारणार की दुचाकीला दिवा होता ना, रस्ता सरळ होता ना, मग एवढी मोठी ट्रॉली दिसली कशी नाही? याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर न्यायाधिकरण चुकीची वाटणी करते आणि दुचाकीस्वाराच्या वाट्याला चुकीचा जेवढा भाग येईल तेवढी रक्कम एकूण भरपाईतून वजा होते. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. म्हणजे आपलीही थोडी चूक असली तरी दावा बुडत नाही, कमी होतो. ‘चूक माझीपण होती’ म्हणून घरी बसलेल्या माणसांना हे कोणी सांगितलेले नसते.

हेल्मेट नव्हते, तिघे बसले होते, लायसन्स नव्हते, या तीन गोष्टींमुळे लोक सर्वाधिक घाबरतात. नियमभंग झाला म्हणजे दंड होऊ शकतो, परंतु भरपाई कापायची असेल तर त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. दुचाकीवर तिघे होते एवढ्याच कारणावरून सहभागी निष्काळजीपणा धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. मागून कारने उडवले असेल, तर दुचाकीवर तिसरा माणूस असल्याने ती धडक झाली असे म्हणता येत नाही. हेल्मेटचे थोडे वेगळे आहे : इजा डोक्याला झाली असेल तर तो मुद्दा नक्की उपस्थित होतो, मांडीचे हाड मोडले असेल तर त्याला फारसा अर्थ उरत नाही.

मागे बसलेल्या माणसाची बाजू सहसा सर्वांत मजबूत असते. दोन वाहनांची टक्कर झाली आणि चूक दोन्ही चालकांची असली, तर मागे बसलेला माणूस पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. दोघांमधली वाटणी ते आपापसांत करतील.

पैसे कोण देणार

कायद्याने तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे इजा झालेल्या इतरांसाठीचा विमा, प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे, पण ‘तृतीय पक्ष’ म्हणजे कोण, याबद्दलचे गैरसमज फार महागात पडतात. चालक स्वतः घसरून पडला, कोणी धडक दिली नाही, रस्त्यावर दुसरे वाहन नव्हते, तर कलम १६६ खाली दावा होत नाही. स्वतःच्या चुकीची भरपाई स्वतःच्याच वाहनाच्या विमा कंपनीकडे तृतीय पक्ष म्हणून मागता येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, ज्याची रक्कम १५ लाख रुपये असते. तोही मृत्यू, कायमचे पूर्ण अपंगत्व किंवा हात, पाय, डोळा गमावणे अशा ठरावीक प्रसंगी मिळतो; साध्या फ्रॅक्चरला नाही. आपल्याच दुचाकीवर मागे बसवलेली पत्नी आपल्याच चुकीने पडली, आणि विमा नुसता ‘थर्ड पार्टी’ असेल, तर विमा कंपनी तिच्या भरपाईला बांधील नसते. ‘फुल इन्शुरन्स’ असेल तर बहुधा असते. हप्त्यात काही शे रुपये वाचवताना हा फरक एजंटाने सांगितलेला नसतो आणि आपणही विचारलेला नसतो.

याहून गंभीर बाब ट्रॅक्टर-ट्रॉलीतून प्रवास करण्याची आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला, चिंचलीच्या मायाक्काला गावेच्या गावे ट्रॉलीतून जातात. शेतकामासाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीत बसलेल्या भाविकांचा समावेश नसतो, आणि मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ पासून पक्के केलेले आहे. ट्रॉली उलटली तर दावा होतो, पण तो ट्रॅक्टरमालकाविरुद्ध, म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच भाऊबंदाविरुद्ध किंवा शेजाऱ्याविरुद्ध, आणि भरायचे ते त्याच्या खिशातून. मात्र त्या ट्रॉलीला दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल, तर त्या दुसऱ्या वाहनाची विमा कंपनी ‘तुम्ही ट्रॉलीत का बसलात’ म्हणून हात झटकू शकत नाही.

चालकाकडे लायसन्स नव्हते असे निघाले, तर अनेकदा न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी जखमीला पैसे देण्यास आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्यास सांगते. वाहनाचा विमाच नव्हता, तर जबाबदारी मालकाची. निकालाची रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. मालक कोण? आरसी पुस्तकावर ज्याचे नाव आहे तो. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी कधीच विकली आहे, असे सांगणाऱ्या नोंदणीकृत मालकाची सुटका होत नाही, हे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ठरलेले आहे. कोल्हापूरच्या एमएच ०९ पाटीच्या जुन्या गाड्या नाव न बदलता बेळगाव जिल्ह्यात वर्षानुवर्षे फिरतात, हे ध्यानात घेतले तर या निकालाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आता परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. अपघातानंतर पहिल्याच दिवशी तेवढे पाहून ठेवावे. धडक सरकारी बसने दिली असेल, तर वायव्य कर्नाटक रस्ता परिवहन महामंडळ किंवा एसटी महामंडळ, ज्याची बस असेल ते, स्वतःच प्रतिवादी होते.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी रिकाम्या हाताने परतण्याची गरज नाही. कलम १६१ खालील योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज न्यायालयात नव्हे, तर महसूल खात्यातील नेमलेल्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी वा तहसीलदारांकडे करावयाचा असतो. वाहन सापडले आहे, पण चूक कोणाची ते सिद्ध करणे कठीण आहे, अशा वेळी कलम १६४ चा विचार करता येतो : चुकीचा प्रश्नच न काढता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. ज्याचे अपंगत्व कायमचे आहे आणि वय कमी आहे, त्याने घाईने अडीच लाखांवर सही करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. ‘गंभीर दुखापत’ ही सुद्धा कायद्याने ठरवलेली गोष्ट आहे; हाड मोडणे, दात पडणे, दृष्टी किंवा श्रवणशक्ती कायमची जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, पंधरा दिवस तीव्र वेदनेत असणे किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणे, हे त्यात येते. खरचटणे आणि मुका मार येत नाही.

अपघात एका राज्यात, दवाखाना दुसऱ्या राज्यात

सीमाभागातला अपघात क्वचितच एका राज्यात मावतो. तवंदी घाटात ट्रकने ठोकरलेल्या निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, म्हणून नातेवाईक त्याला तिकडे हलवतात. अथणी, कागवाडकडचा जखमी मिरजेला जातो. चोर्ला घाटातल्या अपघातात गोव्याची गाडी, खानापूरचा जखमी आणि बेळगावचा दवाखाना असा मेळ असतो. यामुळे दावा कोठे करायचा, या प्रश्नाने लोक गांगरतात. उत्तर सरळ आहे. अपघात जिथे झाला त्या भागातले न्यायाधिकरण, दावेदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथले, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथले, यांपैकी कोणतेही निवडण्याचा अधिकार दावेदाराला आहे. कागलजवळ महाराष्ट्राच्या हद्दीत अपघात झाला तरी निपाणीचा रहिवासी आपल्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणापुढे दावा करू शकतो. दरवेळी परजिल्ह्याला खेपा घालण्याचे कारण नाही. मात्र अपघात तिकडे झाला असल्यास पोलिसांचे कागद तिकडूनच आणावे लागतील आणि ते मराठीत असतील तर भाषांतर जोडावे लागेल.

खरा घोटाळा होतो तो दवाखान्याच्या पहिल्या नोंदीत. जखमीला आणणाऱ्याला कॅज्युअल्टीतले डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ तो घाबरलेला असतो, किंवा पोलिसांचे लचांड मागे नको म्हणून, ‘गाडीवरनं पडला’ एवढेच सांगतो. केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ उमटते : ‘सेल्फ फॉल’ किंवा ‘स्किड होऊन पडला’. पुढे आठवड्याने फिर्यादीत ट्रकचा नंबर येतो. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तो केसपेपर न्यायाधिकरणापुढे ठेवतो आणि विचारतो की पहिल्या दिवशी ट्रक नव्हता, मग तो आला कोठून? त्या एका ओळीने चांगले दावे बुडालेले आहेत. म्हणून जखमीबरोबर असणाऱ्याने डॉक्टरांना खरे तेच आणि पूर्ण सांगावे : कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, कोणत्या प्रकारच्या वाहनाने धडक दिली, नंबर ठाऊक असल्यास तोही. डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर त्यातली ‘हिस्ट्री’ची ओळ वाचून घ्यावी, आणि चूक असेल तर तिथेच लेखी हरकत घ्यावी. खोटा नंबर घालून विमा असलेली ओळखीची गाडी ‘उभी करण्याचे’ प्रकारही आपल्याकडे होतात, आणि तेच या खऱ्या दावेदारांच्या मुळावर येतात, कारण त्यामुळे उशिरा आलेल्या प्रत्येक फिर्यादीकडे संशयाने पाहिले जाते.

तरीही निव्वळ उशिरामुळे दावा मरत नाही. माणूस आधी जखमी जीव वाचवण्यासाठी धावतो, पोलीस ठाण्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात मान्य केले आहे. उशिराचे खरे कारण फिर्यादीतच लिहिलेले असावे, एवढेच. जखमी परराज्यातल्या दवाखान्यात असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते. ती नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होते. आपल्या जिल्ह्यात फिर्याद, जबाब आणि घटनास्थळाचा पंचनामा, ज्याला इथले पोलीस महजर म्हणतात, कन्नडमध्ये लिहिले जातात. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी सही करण्यापूर्वी ते वाचून दाखवायला आणि अर्थ सांगायला सांगावे. फिर्याद वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे.

महजर हा कागद बारकाईने पाहावा. रस्त्याची रुंदी, वाहन कडेपासून किती आत उभे होते, काचेचे तुकडे कोठे पडले, टायरचे व्रण, ट्रॉलीच्या मागच्या फळीवर परावर्तक होते की नाही, हे सर्व त्यात यायला हवे. ट्रॉली डांबराच्या मध्यभागी होती की बाजूपट्टीवर, या एका तपशिलावर चुकीची वाटणी पन्नास-पन्नास होईल की पंचाहत्तर-पंचवीस, हे ठरू शकते. वाहने हलवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी काढलेले फोटो येथे साक्षीदाराइतके मोलाचे ठरतात. त्याबरोबर आरटीओ निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल, दवाखान्याचे जखम प्रमाणपत्र आणि शेवटी पोलिसांचे दोषारोपपत्र यांच्या प्रती मिळवाव्यात. दोषारोपपत्र समोरच्या चालकावर असेल तर काम सोपे होते. ते आपल्यावरच असेल तर दावा अशक्य नसला तरी चढण उभी आहे, हे समजून चालावे.

गावात पंच बसून दहा-वीस हजारांत ‘मिटवून’ टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. किरकोळ जखमेत तिचा मला तिरस्कार नाही. पण प्लास्टर निघण्याआधी, पाय वाकतो की नाही हे कळण्याआधी, ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून देणे म्हणजे पुढच्या दाव्याविरुद्धचा पहिला पुरावा आपल्याच सहीने तयार करणे होय.

रक्कम कशी बसते

दावा करण्यासारखा आहे का, याचा निर्णय रकमेचा अंदाज आल्याशिवाय होत नाही. औषधोपचार, प्रवास, सोबतीचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना आणि पुढे लागणारी शस्त्रक्रिया या बाबी त्यात धरल्या जातात; पण मोठा आकडा येतो तो कायमच्या अपंगत्वामुळे कमाई किती घटली यातून. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात याचे सूत्र घालून दिले. अवयवाचे अपंगत्व किती टक्के, यापेक्षा त्या माणसाच्या कामावर त्याचा परिणाम किती, हे पाहायचे. डावा हात तुटलेल्या सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाऊ शकते, तर तीच इजा झालेल्या सरकारी कारकुनाची नोकरी शाबूत राहू शकते. म्हणून प्रमाणपत्रावरचा आकडा मोठा असावा यासाठी धडपडण्यापेक्षा आपण नेमके काय काम करत होतो आणि आता त्यातले काय जमत नाही, हे सिद्ध करण्याची तयारी करावी.

समजा, ट्रॉलीला धडकलेला माणूस ३८ वर्षांचा सुतार आहे आणि महिन्याला १५ हजार कमावत होता. गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यामुळे कामाची क्षमता २० टक्क्यांनी घटली, असे न्यायाधिकरणाने मानले. वर्षाची कमाई १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाच्या कमाईत भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २ लाख ५२ हजार. वर्षाच्या कमाईला ज्या आकड्याने गुणतात तो गुणक वयावर ठरतो; ३६ ते ४० या वयोगटाचा तो १५, म्हणून ३७ लाख ८० हजार. त्याचे २० टक्के म्हणजे ७ लाख ५६ हजार. यात दवाखान्याचा खर्च वगैरे अजून धरलेले नाही. पण चुकीचा चौथा हिस्सा त्याच्यावर बसला तर याच बाबीखाली ५ लाख ६७ हजार उरतात. उत्पन्नाचा कागद नसलेल्या शेतमजुराचे, सुताराचे, भाजीवालीचे उत्पन्न शून्य धरले जात नाही. अपघाताच्या वर्षानुसार अंदाजित उत्पन्न धरण्यासाठी लोक अदालतींत वापरला जाणारा तक्ता कर्नाटकातली न्यायालयेही आधाराला घेतात. मात्र हाड मोडले, दीड महिन्यात जुळले आणि अपंगत्व काहीच राहिले नाही, तर हिशेब खर्च, बुडालेली मजुरी आणि वेदनेच्या माफक रकमेवर थांबतो. तरी दावा करावा, फक्त लाखांची स्वप्ने पाहू नयेत.

रस्त्याबाहेरच्या इजा

उद्यमबाग, मच्छे भागातल्या फौंड्रीत तापलेला धातू अंगावर उडाला किंवा प्रेसमध्ये बोटे गेली, तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरजच नसते. कामाच्या ओघात आणि कामामुळे इजा झाली, आणि तीन दिवसांहून अधिक काळ काम करता आले नाही, एवढे पुरते. हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आले आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध जुळत असल्यास, आता संहितेनेच त्यात धरला आहे. कामगार नशेत होता असे निघाले तर हक्क जातो, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर तोही बचाव चालत नाही. पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर भरपाई तिथूनच मागायची. मालकाविरुद्ध वेगळा दावा होत नाही. ठेकेदाराकडचा कामगार असला तरी मूळ कारखानदाराची जबाबदारी टळत नाही. कामावर असताना वाहनाच्या धडकेने इजा झाली, तर कामगार कायदा किंवा मोटार कायदा यांपैकी एकच निवडता येतो. बहुतेकदा मोटार कायद्याखाली रक्कम अधिक बसते, पण तिथे चूक दाखवावी लागते.

शेतात तुटून पडलेल्या हेस्कॉमच्या तारेचा धक्का बसला तर वीज कंपनीला ‘तार कोणी तोडली आम्हाला ठाऊक नाही’ असे म्हणून सुटता येत नाही. असा धोकादायक पुरवठा चालवणाऱ्यावर, हलगर्जीपणा सिद्ध न होताही, जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले आहे. खानापूरच्या रानात अस्वलाने हल्ला केल्यास मागणी वनखात्याच्या सानुग्रह मदतीची करायची असते. तो कोणाच्या चुकीवर आधारलेला भरपाईचा दावा नव्हे.

खड्ड्यात पडून झालेल्या इजेबद्दल कोल्हापूरकडून येणारी वर्तमानपत्रे वाचून इथे गैरसमज पसरतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डेबळींसाठी भरपाई ठरवून दिली, ती महाराष्ट्रातल्या यंत्रणांना बांधील आहे. बेळगाव जिल्हा कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो. इथे त्या आदेशाचा दाखला देता येईल, हक्क म्हणून तो वापरता येणार नाही. दुसरे वाहन गुंतलेले नसेल तर महापालिका, बांधकाम खाते किंवा टोल कंपनी यांच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात देखभालीतला हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो, आणि ते काम लांबचे आहे.

उपचारांत झालेल्या चुकीचा दावा ग्राहक आयोगात होतो, मुदत दोन वर्षांची. पण शस्त्रक्रिया यशस्वी झाली नाही म्हणजे हलगर्जीपणा झाला असे नाही. त्या शाखेचा सामान्य, जबाबदार डॉक्टर जे करणार नाही ते केले किंवा करणे आवश्यक होते ते टाळले, असे दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतासह दाखवावे लागते. सर्वांना पूर्णपणे मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, दिवाणी न्यायालय मोकळे असते.

मुदत आणि वकील

मोटार अपघाताच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असून, तूर्त केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी बसून राहू नये. कामगारांच्या दाव्याला दोन वर्षे आहेत. कायमचे अपंगत्व किती, हे सहा महिन्यांत कळले नसले तरी अर्ज दाखल करता येतो. प्रमाणपत्र आणि डॉक्टरांची साक्ष नंतर येते. दरम्यानच्या उपचारांसाठी, २०२५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेखाली रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळू शकतात. दाखल करतानाच त्याची चौकशी करावी.

दवाखान्याच्या दारात भेटून ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असा सौदा करणारे दलाल आपल्या जिल्ह्यालाही नवे नाहीत. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेण्यास वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे असा करार पुढे करणाऱ्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नये. भरपाईची रक्कम ज्या खात्यात येणार ते बँक खाते दावेदाराच्या ताब्यात असावे. लोक अदालतीत तडजोड होते तेव्हा पैसे लवकर मिळतात, पण त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून वरच्यासारखा हिशेब स्वतः मांडून, कंपनी देऊ करते ती रक्कम त्याच्या किती जवळ आहे हे पाहूनच होकार द्यावा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि उत्पन्नमर्यादेत बसणारे लोक यांना बेळगावच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही त्याची मागणी नोंदवता येते.